हे, सत्तर किलो

माझी बायको मनोरमा गेल्यावर काही रविवार घर बंदच असल्यासारखं होतं. मग एका रविवारी सकाळी दारावर थाप पडली. उघडलं तर तिच्या शिकवणीची तीन मुलं उभी होती: रजनी मालवीय, अनवर आणि बिजू. तिघंही अकरावीत. हातात वह्या होत्या.

"काका, अपन लोग अंदर बैठ जाएँ?" अनवर म्हणाला.

"अरे, पण शिकवणार कोण?" मी म्हणालो. "मला फिजिक्स येत नाही."

"काकू ने सवाल तो लिखवा रखे हैं," रजनी म्हणाली. "वही करेंगे. घर पे मन नहीं लगता."

मी बाजूला झालो. मुलं जेवणाच्या टेबलाभोवती आपापल्या जागी बसली. तिची खुर्ची कोणी घेतली नाही.

मी भोपाळच्या भेल कारखान्यात स्टोअर्सला क्लार्क आहे. आम्ही बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये राहतो. म्हणजे आता मी राहतो. मनोरमा अमरावतीची, फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली. नोकरी केली नाही, पण रविवारी कॉलनीतल्या मुलांकडून गणितं सोडवून घ्यायची. पुस्तकातली नाही, स्वतः रचलेली. मुलं आली की माझ्या हातात पिशवी द्यायची आणि म्हणायची, "अहो, बिट्टन मार्केटला जाऊन भाजी आणा." आमच्या इथून ते लांब पडतं. मी म्हणायचो, इथे जवळ पिपलानीत काय भाजी मिळत नाही? ती म्हणायची, तिकडची ताजी असते. त्यामुळे तिचा वर्ग मी कधी ऐकलाच नाही.

त्या दिवशी भाजीला पाठवणारं कोणी नव्हतं. मी चहा टाकला आणि कप घेऊन बाहेर आलो. बिजू मोठ्याने वाचत होता. तो केरळचा, पण जन्मला इथेच.

"हे तीस डिग्री के ढलान पर बैठे हैं. हे का द्रव्यमान सत्तर किलोग्राम है. घर्षण नगण्य है. हे फिसलने लगते हैं. हे का त्वरण निकालो."

मी तिथेच थांबलो. "कोण घसरतंय?"

"हे," बिजू म्हणाला.

"हे म्हणजे काय?"

"ग्रीक लेटर है, काका. थीटा, फाई, हे."

"काकू के हर सवाल में होता है," अनवर म्हणाला. "बाकी किताबों में ब्लॉक होता है, अपने यहाँ हे होता है."

रजनी जरा विचार करत म्हणाली, "पर काकू हे की बड़ी इज़्ज़त करती थीं. ब्लॉक फिसलता है, हे फिसलते हैं."

कपातला चहा बशीत सांडला. मी स्वयंपाकघरात गेलो, ओट्याला धरून उभा राहिलो आणि हसलो. ती गेल्यापासून पहिल्यांदा. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ सोडला.

लग्नात उखाणा घेतला तेव्हा मनोरमाने माझं नाव घेतलं असेल तेवढंच. पुढे समोर 'अहो' आणि मागे 'हे'. दूधवाल्याला 'हे घरी नाहीत', डॉक्टरला 'हे गोड सोडत नाहीत'. तेच तिने गणितात चालू ठेवलं होतं. हिंदी बोलणाऱ्या मुलांना वाटलं, फिजिक्सची काहीतरी खूण असेल.

मी मुलांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मुलं ओशाळली असती आणि त्यांनी मोकळेपणाने मला घसरवलं नसतं. पुढच्या रविवारपासून मी चहा देऊन तिथेच, भाजी निवडायच्या निमित्ताने बसू लागलो. काय काय केलं होतं तिने माझं! मला लूनावर बसवून श्यामला हिल्सच्या उतारावरून ब्रेक न लावता सोडलं होतं. छोट्या तळ्यात नावेत उभं करून हातातलं टरबूज किनाऱ्याकडे फेकायला लावलं होतं, आणि नाव उलटीकडे किती वेगाने गेली ते विचारलं होतं. मी घरात जिथे जिथे धडपडलो होतो, त्यातलंही काहीच वाया जाऊ दिलं नव्हतं.

"हे एक अलमारी को पूरे ज़ोर से धकेलते हैं," अनवर वाचत होता. "अलमारी नहीं हिलती. हे ने कितना कार्य किया?"

"शून्य," तिघं एकदम म्हणाली.

ते कपाट मला आठवत होतं. आतल्या खोलीतलं. "शून्य कसं?" मी म्हणालो. "ढकलून ढकलून दमले असतील ना ते! पाठ धरली असेल."

"थकने का कार्य से कोई लेना-देना नहीं, काका," अनवर समजुतीने म्हणाला. "काकू का पक्का उसूल था."

होता खरा. ते कपाट ढकलून मी घामाघूम झालो होतो तेव्हाही ती हेच म्हणाली होती. वर चहा मात्र करून दिला होता.

असं मजेत चाललं होतं, पण रजनीचं काही खरं नव्हतं. तिचे वडील कारखान्यात फिटर. माणूस चांगला, पण एकदा बोलला की बोलला. तिमाहीत रजनी फिजिक्समध्ये नापास झाली तेव्हा त्यांनी सांगून टाकलं होतं, छमाहीत पुन्हा असं झालं तर पुढच्या वर्षी कॉमर्स. मी तिला विचारलं, कॉमर्स वाईट आहे का? ती म्हणाली, "बुरा नहीं है. पर पापा टरबाइन का बोल्ट कसते हैं. मुझे टरबाइन बनाना है." आणि मान खाली घालून पेन्सिलीला टोक करत बसली.

तिची गाडी लिफ्टपाशी अडायची. मनोरमाची लिफ्टवरची गणितं पुष्कळ होती. हे लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभे आहेत, लिफ्ट वेग घेत वर निघाली, काटा किती दाखवेल? बिजू दोन ओळीत सोडवायचा. रजनी सूत्र लिहायची, आणि मग अधिकच्या जागी वजा करून बसायची.

"समझ तो आता है," ती एका रविवारी वैतागून म्हणाली, "पर मानने में नहीं आता. आदमी वही, काँटा वही. वज़न कैसे बढ़ जाएगा? डिब्बे में खड़े होने से कोई मोटा होता है क्या?"

"फॉर्मूला बोल रहा है ना," बिजू म्हणाला.

"फॉर्मूला कभी लिफ्ट में बैठा है?"

मी भेंडी चिरत होतो. विचारलं, "तुम्ही कोणी बसला आहात?"

तिघं एकमेकांकडे बघायला लागली. आमच्या कॉलनीत सगळी दुमजली क्वार्टर्स. या मुलांनी क्रेन पाहिल्या होत्या, लोकोमोटिव्हच्या मोटर पाहिल्या होत्या, पण लिफ्टमध्ये कोणी पाय ठेवला नव्हता. जी गोष्ट पोरीने पाहिलीच नाही ती तिने मानायची कशी?

माझा मित्र विश्वनाथ सरकारी कचेरीत. नागपूरहून कचेऱ्या भोपाळला आल्या तेव्हा त्याचे वडील आले, आणि तो तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्येच वाढला. त्याच्या कचेरीची इमारत उंच, लिफ्ट असलेली. मी त्याला फोन केला.

"लिफ्टमध्ये वजन करायचंय?" तो म्हणाला. "नीळकंठा, तू जेवतोस ना नीट?"

"तू लिफ्टवाल्याला सांगून ठेव."

पुढच्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत आम्ही गेलो. मी अर्धी रजा टाकली होती. बसमध्ये वजनाचा काटा मी मांडीवर धरला होता. तो मनोरमाने आणलेला. दर महिन्याला मला त्यावर उभं करायची आणि म्हणायची, "सत्तरच राहा बरं का. नाहीतर मला सगळं पुन्हा करावं लागेल." मला वाटायचं, पँट उसवून शिवावी लागेल म्हणून म्हणते.

लिफ्टवाला स्टुलावर बसून डबा खात होता. आम्ही आत शिरलो, मी खाली काटा ठेवला आणि चपला काढून वर उभा राहिलो.

"कौन सी मंज़िल?"

"कोई नहीं," अनवर म्हणाला. "आप बस चलाते रहिए."

"ये सरकारी लिफ्ट है, मेले का झूला नहीं."

"विश्वनाथ बाबू ने बोला है."

"बोला तो है. ये नहीं बोला कि चप्पल उतार के खड़े होंगे." त्याने डब्याचं झाकण लावलं.

रजनी काट्यापाशी उकिडवी बसली. लिफ्ट अजून उभी होती. "छियासठ," ती म्हणाली. म्हणजे सहासष्ट.

"हे तो सत्तर के हैं," बिजू म्हणाला. "आज हे की जगह काका हैं, तो छियासठ लेना पड़ेगा."

"सत्तरच होते," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं. "हे म्हणजे मीच."

मग मी त्यांना समजावून सांगितलं, की आमच्यात जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे म्हणतात. ग्रीक नाही, मराठी आहे.

अनवरचा हात कपाळाला गेला. "मतलब लूना पे आप थे?"

"मीच."

"तरबूज वाले भी? अरे काका! हमने तो आपको छत से भी गिराया है!"

"माहीत आहे. त्या दिवशी मी चहा देत होतो."

आधी लिफ्टवालाच हसला. मग सगळे. बिजूला तर भिंत धरावी लागली. रजनी मात्र काट्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "सत्तर के छियासठ कैसे हुए? द्रव्यमान तो बदलता नहीं." मग माझ्याकडे मान वर करून पाहिलं. "काका, आप खाना नहीं खाते."

मी म्हणालो, "लिफ्ट चालू करा."

लिफ्ट गचका देऊन वर निघाली. "बहत्तर!" रजनी ओरडली. "नहीं, रुको, फिर छियासठ. छियासठ. छियासठ ही है." वरच्या मजल्याशी लिफ्ट थांबायला आली. "साठ! अब साठ हुआ! फिर छियासठ!"

खाली येताना उलटं झालं. निघताना कमी, थांबताना जास्त. तिने लिफ्टवाल्याला पुन्हा वर न्यायला लावलं, मग पुन्हा खाली. मधल्या मजल्यांवर साहेब लोक बटण दाबून उभे असतील, त्यांचं काय झालं माहीत नाही. शेवटी ती उठली, तेव्हा गुडघ्यांना धूळ लागली होती.

"चलने से कुछ नहीं होता," ती म्हणाली. "ऊपर जाओ, नीचे जाओ, वही छियासठ. चाल बदलती है तब होता है."

"यही तो फॉर्मूला बोल रहा था," बिजू म्हणाला.

"तो ज़ोर से बोलना था ना!"

उतरताना अनवरने विचारलं, "काका, आपका असली नाम क्या है?" मी सांगितलं. तो म्हणाला, "नीलकंठ तो चिड़िया होती है. हे ही ठीक है."

त्या आठवड्यापासून माझ्या दारात डबे यायला लागले. बिजूच्या आईचे अप्पम, अनवरच्या घरून शेवया, आणि रजनीच्या आईकडून काही ना काही रोज. मी नको म्हणालो तर रजनी म्हणायची, "काका, काकू के सारे जवाब सत्तर पे हैं. आप छियासठ रहोगे तो सब ग़लत." मी खाल्लं. बऱ्याच दिवसांनी चव लागली.

छमाहीचे पेपर झाले. वर्गात तपासलेले पेपर मिळायचे होते त्या दिवशी मी कारखान्यातून लवकर घरी आलो. संध्याकाळी दार वाजलं. मालवीय होते, हातात गुंडाळलेला पेपर, चेहरा गंभीर. मागे रजनी, तिच्या मागे दोघं पोरगे.

मालवीयांनी पेपर टेबलावर पसरला आणि एका जागी बोट ठेवलं. "भाईसाहब, ये हे कौन है?"

लिफ्टचंच गणित आलं होतं. छापील प्रश्नात साठ किलोचा माणूस होता. रजनीने चौकोन काढून आत 'हे' लिहिलं होतं, आणि साठच्या जागी त्या दिवशीच्या लिफ्टमधले सहासष्ट धरले होते. पुढचं सगळं चोख. समास लाल शाईने भरला होता: 'विधि सही. 66 कहाँ से आया? हे कौन है?' एक गुण कापला होता.

"मैं हूँ," मी म्हणालो.

"आप?" मालवीयांनी पेपरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत गेले आणि त्यांची मिशी हलायला लागली. "हमारे यहाँ भी नाम नहीं लेतीं. मेरी वाली 'रजनी के पापा' बोलती है."

"वो बहुत लंबा है, पापा," रजनी म्हणाली. "डायग्राम में नहीं आता."

"आणि पास?" मी विचारलं. मला राहवेना.

"पास तो है," मालवीय म्हणाले. "आराम से पास है." मग पेपरची घडी घालत, कुणाकडेच न बघता म्हणाले, "ठीक है. टरबाइन ही बना ले." रजनी मनोरमाच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली, आणि मग इतकी हसली की मालवीय गडबडले आणि म्हणाले, "अरे, वो डिब्बा तो निकालो."

डब्यात दाल-बाफले होते, कणकेचे उकडून भाजलेले गोळे, तुपात बुडवलेले. आम्ही सगळे टेबलाभोवती बसून जेवलो. खुर्च्या कमी पडल्या तेव्हा मी मनोरमाची खुर्ची पुढे ओढली आणि रजनीला म्हणालो, बस.

जेवण झाल्यावर अनवरने काटा आणला. मी चपला काढून उभा राहिलो. रजनी उकिडवी बसून बघत होती.

"अड़सठ."

"लिफ्ट ऊपर जा रही है क्या?" बिजूने विचारलं.

"घर है, बुद्धू. हिल नहीं रहा," रजनी म्हणाली. "हे ही बढ़े हैं."

डब्यात एक बाफला उरला होता. मी तोही घेतला.