गंगव्वाचा चेहरा

रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मल्लव्वा सतराव्या फोटोसमोर थांबली आणि म्हणाली, "ही माझी आई न्हवं."

खालच्या गवळी गल्लीतल्या मंडळाच्या हॉलमध्ये तेव्हा साठ-सत्तर माणसं होती. गल्लीचा शंभर वर्षांचा इतिहास गल्लीनंच गोळा केला होता. कुणी म्हशींच्या गळ्यातल्या पितळी घंटा आणून दिल्या होत्या, कुणी दुधाची मापं, कुणी पाडव्याला शिंगांवर बांधायचे मोरपिसांचे झुपके. म्हाताऱ्यांनी चार दुपारी बसून जुन्या म्हशींची नावं आठवली होती, ती एका भिंतीवर लिहिली होती. फोटो बासष्ट होते. हे सगळं नोंदवून, नंबर घालून प्रदर्शन मांडायचं काम सोमशेखरकडं होतं. भूमापन खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस. त्याच्या हातून इंचभर चूक होत नाही, असं गल्ली म्हणायची.

"अव्वा, नीट बघा की," मंडळाचे अध्यक्ष हंबीरराव म्हणाले. "म्हस तरी तुमचीच हाय न्हवं?"

"म्हस आमचीच. चांदणी. कपाळावर ठिपका बघ. लुगडं आईचं. कासरा धरलेला हातबी तिचाच, करंगळी वाकडी हाय. पर तोंड तिचं न्हाय."

"म्हशीला वळखलं आणि आईला न्हाय!" हंबीरराव मोठ्यांदा हसले. "गवळ्याची लेक शोभताय बघा!"

माणसं हसली. मल्लव्वाही थोडी हसली. तिची नात शांभवी पुढं आली आणि तिनं आजीचा दंड धरला. "अज्जी, डोळ्याचं ऑपरेशन झालंय तुझ्या. आणि तवा तू नऊ वर्षांची होतीस गं."

ऐंशी वर्षांच्या मल्लव्वानं पदरानं डोळे पुसले आणि परत बघितलं. बराच वेळ बघितलं.

"व्हय," ती हळू म्हणाली. "सत्तर वर्सं झाली की. माझ्याच ध्यानातनं गेलं असंल."

सोमशेखर चार हात अंतरावर उभा होता. त्याच्या हातात फोटोंची यादी होती. तो यादीतच बघत राहिला.

फोटो एकोणीसशे त्रेपन्नच्या पाडव्याचा. पुढच्याच वर्षी गंगव्वा गेली. तिचा दुसरा फोटो कुठं नाही. मल्लव्वानं तो स्वयंपाकघरात टांगला होता; चुलीच्या धुरानं काच इतकी काळवंडली होती, की त्यातलं तोंड कित्येक वर्षांत कुणाला नीट दिसलं नव्हतं. दोन हजार एकोणीसच्या पुरात त्या भिंतीवर पाच दिवस पाणी होतं. त्यानंतर तिनं तो फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवला, तो पुन्हा सोडलाच नाही. तीन आठवड्यांपूर्वी ती स्वतः घेऊन आली होती. "सोमा, तुझ्या हातात दिला, आता काळजी न्हाय," एवढंच म्हणाली होती.

फोटो दुरुस्त करणाऱ्या धैर्यशीलनं सगळ्यांनाच बजावलं होतं, पुरातले फोटो फ्रेममधनं काढू नका, काचेसकट आणा. पण त्या दिवशी त्याचं दुकान बंद होतं. हातातल्या गठ्ठ्यातले सोळा फोटो नोंदवून झाले होते, सतरावा तेवढा राहिला होता, आणि अर्धवट काम सोमशेखरला सोसत नाही. त्यानं फ्रेम उघडली. फोटो काचेला चिकटला होता. कोपरा धरून त्यानं ओढला. एका दमात निघाला. त्यानं तो पालथा ठेवला. काच बुरशीनं काळी पडली होती. पाडव्याच्या आधी घरोघरी फ्रेमच्या काचा धुतात, तशी त्यानं ती नळाखाली धरली, साबण लावला, स्वच्छ केली. मग फोटो उलटा केला.

म्हैस होती, कासरा होता, लुगडं होतं. पदराच्या आत पांढरा कागद होता.

चेहरा काचेला चिकटून राहिला होता. फेसाबरोबर तो मोरीत गेला होता.

दुसऱ्या दिवशी धैर्यशीलनं एकच विचारलं. "काका, काच कुठाय?"

"धुतली."

धैर्यशीलनं फोटो उजेडात धरून बघितला. मग म्हणाला, "काचेवर होता तवर काढता आला असता." आणि थोड्या वेळानं, "कॉम्प्युटर भरतोय तोंड. लेकीचा तरुणपणीचा फोटो आणा, त्याच्यावरनं जवळपास येईल."

तो फोटो मागायचा म्हणजे मल्लव्वाला सांगावं लागलं असतं. सोमशेखरनं मागितला नाही. कॉम्प्युटरनं आपल्या मनानं चेहरा दिला. सरळ नाक, गुळगुळीत गाल, ओठांवर बेताचं हसू. नोंदवहीत 'मूळ फोटोची स्थिती' असा रकाना होता. त्यात सोमशेखरनं 'बरी' असं लिहिलं.

उद्‌घाटनाआधी सांगू, असं त्यानं ठरवलं होतं. मग, गर्दी ओसरल्यावर सांगू. रविवारी सगळ्यांदेखत म्हातारीनं स्वतःला खोटं पाडलं, तेव्हा त्याला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ते त्याच्या तोंडातनं निघालं नाही.

सोमवारपासून मल्लव्वा रोज चार वाजता हॉलमध्ये यायला लागली. शांभवी खुर्ची मांडून द्यायची. म्हातारी सतराव्या फोटोसमोर अर्धा-पाऊण तास बसायची.

"काय बघताय एवढं, अव्वा?" हंबीररावांनी एकदा विचारलं.

"आईचं तोंड इसरायचं म्हंजे काय रं? ध्यानात बसवाय नको?"

बुधवारी ती आली ती हसतच. "सोमा, काल सपनात आलती. इतक्या वर्सांनी. ह्याच तोंडानं आली बघ."

त्या दिवशी सोमशेखरला जेवण गेलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला तो मूळ फोटो पाकिटात घालून मल्लव्वाच्या दारात गेला. गोठ्यात धार काढायचं चाललं होतं. तिनं त्याला कट्ट्यावर बसवलं, धारोष्ण दुधाचा पेला हातात दिला आणि त्याच्या गालावरनं हात फिरवून बोटं आपल्या कानशिलावर मोडली. "माझी आई मला परत दावलीस, लेकरा."

त्यानं दूध संपवलं. पाकीट शर्टाच्या आत सारून तो घरी आला. बायकोनं विचारलं, "सांगितलं?" तो पाय धुवायला गेला.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता त्यानं हॉल उघडला आणि सतराव्या फोटोखाली हातानं लिहिलेला एक कागद चिकटवला. चार ओळी होत्या; शेवटच्या तिनांत काचेचं आणि चेहऱ्याचं खरं काय ते होतं. मल्लव्वाला वाचता येत नाही, हे त्याला ठाऊक होतं. कुणीतरी वाचेल, कुणीतरी तिला सांगेल. आपल्याला समोर उभं राहावं लागणार नाही. आपण हेच योजलं आहे, हेही त्याला कळत होतं.

दिवसभरात अकरा जणांनी कागद वाचला. हंबीररावांनी दोनदा वाचला, सोमशेखरकडं एकदा बघितलं आणि ते बाहेर गेले. मल्लव्वाच्या घरी कुणीही काही सांगितलं नाही.

चार वाजता ती आली. खुर्ची मांडता मांडता शांभवीनं कागद वाचला. तिचा हात खुर्चीच्या पाठीवर तसाच राहिला.

"हे काय नवीन लावलंय?" मल्लव्वानं विचारलं. म्हातारीनं मान वळवली. "सोमा, तू लावलास न्हवं? मग तूच वाच की."

सोमशेखर फोटोजवळ आला. त्यानं चष्मा लावला. पहिली ओळ वाचली. "छायाचित्र क्रमांक सतरा. सन एकोणीसशे त्रेपन्न, दिवाळी पाडवा. गंगव्वा आणि चांदणी."

"बरं," मल्लव्वा म्हणाली. "म्होरं?"

चार वाजून सहा मिनिटं झाली होती. तीन ओळी राहिल्या होत्या.