पंतांची पाठवणी

"पंत, आलंच हं आता," शेजारच्या टबातल्या कासवावरचं ओलं गोणपाट सारखं करत शरदिनी म्हणाली. रिक्षावाल्यानं आरशातून चमकून पाहिलं. तिनं लक्ष दिलं नाही. नवरा नीलकंठ गेल्यापासून मंगला गौरीच्या देवळाजवळच्या त्या घरात मराठी बोलायला पंतच तेवढे उरले होते.

बारा वर्षांपूर्वी पूर ओसरल्यावर घाटाच्या पायरीवर ते नीलकंठना सापडले होते, तळहाताएवढे. अंगणातल्या हौदात वाढले. नीलकंठ पाठशाळेतून आले की चपला काढायच्या आधी हौदाशी जात. आता पंतांची पाठ मऊ पडू लागली होती. जनावरांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, की हौदात ऊन नाही, ते वर्षभरही काढणार नाहीत.

रिक्षा थांबली त्या गंगेकाठच्या गावात नावाड्यांनी मिळून तळी खोदली होती. नदीतून नाहीशी होत चाललेली कासवं ते तिथे जगवत आणि पुन्हा नदीत सोडत. आज राखणीची पाळी गीताची होती. तिनं पंतांना उचलून उलटं केलं, शेपूट पाहिली.

"अम्माजी, ये तो मादा है!"

"मादी? अगं बाई! हम तो इतने साल पंत कहते रहे."

"तो पंतजी अंडे देंगी. इस जात की मादा अब मिलती कहाँ है?"

शरदिनीला हसू फुटलं. नीलकंठ किती हसले असते! घरी जाऊन हे सांगायचं कुणाला, असं मनात आलं आणि ती थांबली.

तिनं पिशवीतून पालकाची जुडी काढली. "ये पसंद है. मैं हर इतवार ले आऊँगी."

गीतानं जुडीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मत आइए, अम्माजी. आदमी की आदत रही, तो नदी में भी आदमी के पास जाएगी. कोई पकड़ लेगा."

"कितने दिन?"

"साल भर तो यहीं रहेगी. फिर..." गीतानं नदीकडे हात केला.

शरदिनीनं मान हलवली. जुडी गीताच्या हातात दिली.

गीतानं कासवाला तळ्याच्या काठावर ठेवलं. दोन पावलं टाकून पंत थबकल्या. मान लांब करून त्यांनी मागे पाहिलं. शरदिनीच्या ओठांवर 'पंत' अशी हाक आली होती, ती तिनं गिळली. पाण्यावर आपली सावली पडते आहे हे तिच्या ध्यानात आलं. पदर सावरत ती मागे सरकली, सावली पाण्यावरून पूर्ण निघेपर्यंत.