दाराखालची जागा

चैतरामच्या मुलीचं बारसं होतं. दुर्पता त्याची मोठी बहीण. तिचा नवरा खेमराज तिला मोटारसायकलवर घेऊन जवळच्या गोरेगावहून गोंदियाला निघाला. शहरातल्या चौकात सिग्नल लाल होता. पुढे तांदळाची पोती भरलेला ट्रक उभा होता.

"ह्याच्या मांगंच थांबा ना जी," दुर्पता म्हणाली. "तो डावीकडं वळून राहिला."

"मांगं राहिलो त आखीन एकदा लाल लागन."

खेमराजने डाव्या फटीतून गाडी पुढे काढली आणि ट्रकच्या दाराखाली, फूटपाथला चिकटून थांबवली. सगळेच तसे थांबत.

हिरवा दिवा लागला. ट्रक वळला. हँडलला धक्का बसला तसा खेमराज फूटपाथवर फेकला गेला. दुर्पता ट्रकच्या मागच्या चाकाखाली गेली. ओरडलीसुद्धा नाही.

ड्रायव्हर उतरला आणि हात जोडून म्हणत राहिला, "भैया, मुझे दिखा ही नहीं."

दुर्पताच्या तेरवीनंतर पोलिसांनी खेमराजला जबाबासाठी बोलावलं. चैतराम सोबत आला.

"भाऊजी, मांगून येऊन ठोकलन म्हणून सांगा. सडू द्या त्याले आतमंदी."

ठाण्याच्या आवारात तोच ट्रक उभा होता. खेमराजने शिपायाला विनवून दार उघडून घेतलं.

"चढ. ड्रायव्हरच्या जागेवर बस."

"कायले?"

"बस त."

चैतराम बसला. खेमराज पलीकडच्या दाराखाली गेला आणि मोटारसायकलवर बसल्यासारखा वाकून उभा राहिला.

"दिसून राहिलो का?"

"नाही. कुठं आहा?"

"आरशात पाह्य."

"नाही जी."

खेमराज चालत ट्रकच्या मागे गेला, बराच लांब. "आता?"

"हो," चैतराम म्हणाला. खाली उतरून त्याने विचारलं, "ताई काई बोलली नाही का?"

"बोलली. मांगंच थांबा म्हणली. मीच ऐकलो नाही."

चैतरामने त्याची कॉलर धरली. हात उगारला. मग सोडून दिलं आणि फाटकाबाहेर निघून गेला.

खेमराजने आत जाऊन सगळं सांगितलं. हवालदाराचा पेन थांबला.

"असंच लिहू? चूक तुमची ठरेल. विचार करा."

"असंच लिहा."

त्याने सही केली. पुढे चैतराम कधी त्याच्या दारी आला नाही.