आत्याच्या कानाला लागलेली नळी

मी एक जुनी, पोकळ लाकडी नळी आहे. लांबीला पुरुषभर. मित्रांनो, अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमधल्या आमच्या कर्मठ ख्रिस्ती गावात लग्नाळू मुलगा-मुलगी चुलीच्या दोन बाजूंना बसत, मधे घरची माणसं, आणि दोघं माझ्यातून कुजबुजत. बोलणं कुणाला कळू नये, पण हात सगळ्यांना दिसावेत, म्हणून सुताराने मला कोरलं.

म्हणजे संशय माझ्या जन्माआधीपासूनच होता. डेलिव्हरन्स आत्या तर विणता विणता माझ्यावर असा डोळा ठेवायच्या, जणू मीच पळून जाणार आहे. बिनलग्नाच्या, गावात सगळ्यांत कडक. पोरकी भाची मेहिटाबेल त्यांनीच वाढवली. तिला मागणी घालणारा जोएल पिंपं बनवायचा.

आमच्यात शनिवारच्या सूर्यास्तापासून देवाचा वार लागतो, मग हसणंसुद्धा पाप. एका ढगाळ शनिवारी सूर्य कधी मावळला ते दोघांना कळलंच नाही. जोएल काहीतरी कुजबुजला आणि मेहिटाबेल खुदकन हसली.

"काय म्हणाला गं तो?"

"काही नाही, आत्या."

"काही नाहीला कुणी एवढं हसतं? मला शिकवू नकोस. घाणेरडंच काहीतरी असणार."

आत्यांनी स्वतः जाऊन पंचांना कळवलं. पंच म्हणाले, तो काय बोलला ते सांगा, नाहीतर लग्न विसरा. दोघांनी तोंड उघडलं नाही. शिक्षा म्हणून मेहिटाबेलला तीन रविवार प्रार्थनाघरात सगळ्यांसमोर बाकावर उभं केलं. मला सगळं ठाऊक होतं, पण वाचा नव्हती. फार वाईट वाटलं हो.

तिसऱ्या रविवारी घरी आल्यावर आत्यांनी माझं एक टोक कानाला लावलं.

"यातून तरी सांग, बाई. मला घास जात नाही."

मेहिटाबेल दुसऱ्या टोकाशी वाकली. "तो म्हणाला, तुझी आत्या गोठ्यात झाडू कवटाळून नाचत होती. छान नाचत होती."

नाच म्हणजे तर हसण्याहून मोठं पाप. आत्यांच्या हातून मी खाली पडले आणि मला तडा गेला.

पुढच्या रविवारी आत्या कुणी न बोलावता त्या बाकावर चढल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या. लग्नाला परवानगी मिळाली.

मित्रांनो, तडा गेला म्हणून मला चुलीत घालू नका. आणि कुणी कुजबुजताना दिसलं, तर लगेच वाईट मनात आणू नका. लग्नापर्यंत जोएल येत राहिला. तड्यातून त्याचं अर्धं बोलणं आता बाहेर ऐकू यायचं. आत्या मात्र टोपी कानांवर ओढून विणत बसायच्या.