दोन्ही डाव्या

…पण हा कान इकडे कसा? अंगठ्याएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा, त्याला एक भोक — पंखाची मागची झडप ज्या दांड्याने खालीवर व्हायची, तो दांडा या कानात अडकायचा. म्हणजे कान विमानाच्या पोटाकडे हवा, आणि हा तर पार बाहेरच्या टोकाला… त्यांनी झडप उलटी धरून पाहिली. कान जागेवर आला, पण खालची बाजू वर गेली. मग भिंतीवर टांगलेली पहिली झडप काढून त्यांनी शेजारी ठेवली. दोन्ही डाव्या.

चाळीस वर्षं जोडे शिवले — हजारो — पण एका पायाचे दोन कधी गिऱ्हाइकाच्या हातात दिले नाहीत! आणि आता बैठकीतला सोफा गच्चीवर धाडून, खोक्यांतून सुटे भाग मागवून दोन सीटचं विमान बांधायला घेतलं, तर हे. जावयाला कळलं तर पोट धरधरून हसेल. त्याचं एक सोडा, पण ती? शेजारच्या सीटवर बसशील का, हे त्यांनी बायकोला दोन वर्षांत विचारलं नव्हतं. एकही चूक न करता विमान पुरं करीन आणि मगच विचारीन, असं मनाशी पक्कं केलेलं.

गुपचूप नवा पत्रा मागवला तर कोणाला कळणार आहे… छे! त्यांनी एक झडप दुसरीवर ठेवली आणि कडेवरून नख फिरवलं. नख कुठेच अडकलं नाही. भोकावर भोक, कडेवर कड. दोन झडपांच्या मध्ये अख्खं वर्ष गेलेलं, तरी केसाचाही फरक नाही! लाज वाटायची ती बाजूलाच राहिली आणि छाती फुगली.

“दोन्ही डाव्याच झाल्यात ना?” बायको दारातून म्हणाली.

“तुला कधी कळलं?”

“गेल्या रविवारी. धूळ पुसताना.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुमचं तुम्हाला दिसतंय का, ते बघत होते. बसायचंय मला त्यात.”

बसायचंय… न विचारताच! आणि मी समजत होतो, दोन वर्षं हे विमान मी एकटाच तपासतोय — तिची नजर तर प्रत्येक रिव्हेटवरून फिरलेली. झडप उकलून वाचेल तेवढा पत्रा वाचवायला त्यांनी ड्रिल उचललं, पहिल्या रिव्हेटवर टेकवलं. छाती अजून फुगलेलीच होती. फक्त ती आपल्या हातांच्या अभिमानाने की तिच्या डोळ्यांच्या, हे त्यांना काही केल्या ठरवता येईना.