दोन पावलांवरचा चेहरा

पावसाळा सरला की रत्नागिरीत वहाणांना, पट्ट्यांना, कपाटातल्या पुस्तकांना बुरशी धरते, तशी ती कॅमेऱ्याच्या भिंगांनाही धरते. दोन काचांच्या मध्ये, बोट पोचणार नाही अशा जागी पांढरी मुळं पसरतात. ती काढणं हे बाबाजी तांब्यांचं काम. मुंबईत फोर्टातल्या दुरुस्तीच्या दुकानात त्यांची उभी हयात गेली. आता रत्नागिरीलगतच्या नाचणे गावातल्या घरी, खिडकीपाशी टेबल मांडून, ते जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या लेन्स उघडत बसतात. भिंगं एकेक करून मऊ फडक्यावर निजवायची, पुसायची, जिथली तिथे बसवायची. पुण्या-कोल्हापुराचे हौशी लोक कुरिअर करतात.

या कॅमेऱ्यांत लेन्समधून बघायचं नसतंच. बघायला वर वेगळी खिडकी असते. तिच्या मधोमध समोरचं माणूस दोनदा दिसतं, एक खरं आणि एक सावलीसारखं. लेन्सची कडी फिरवत गेलं की सावली सरकत सरकत माणसात मिसळते. मिसळली की बटण दाबायचं. पण खिडकीचं आणि लेन्सचं एकमेकांशी पटत नसलं तर फोटो फसतो, आणि फसला हे रोल धुतल्याशिवाय कळत नाही. म्हणून दुरुस्त झालेली प्रत्येक लेन्स फिरायला न्यावी लागते.

पूर्वी फिरायला दोघं नवरा-बायको जात. भाट्याच्या पुलावरून उतरून, सुरूच्या बनाला वळसा घालून किनाऱ्याला. आधी लांबचं दीपगृह टिपायचं, मग दोन पावलांवर करुणाबाई उभ्या राहायच्या. बाबाजी कडी फिरवत बसत, आणि त्या उभ्या उभ्या कंटाळून ओवी जुळवत:

समुद्राच्या कडंला, उभी मी राहू किती
घरच्या धन्याची बाई, काचेत गेली मती

त्यांच्या पापणीचा केस न् केस फोटोत उतरला की बाबाजी लेन्स कागदात गुंडाळत. त्याआधी नाही.

करुणाबाई गेल्याला दुसरं वर्ष लागलं. बाबाजींनी काम सोडलं नाही, फिरणं सोडलं नाही. सकाळी चहा आपला आपण करायचा, कप आपला आपण विसळायचा, आणि निघायचं. दिवसाकाठी दुधवाल्याशी बोलणं झालं तर झालं.

ऑक्टोबरात संगमेश्वरचा संदेश मोटारसायकलवरून आला. त्याची लेन्स बाबाजींनी गणपतीआधी करून दिली होती. बसायच्या आधीच त्याने एक फोटो टेबलावर ठेवला.

"काका, रागावू नका हां. ही आमची आई, ही माझी सानवी. मागचा फणस बघा. पान न् पान मोजून घ्या."

"चांगला आलाय."

"फणसच आलाय. आईचं तोंड बघा."

आईचं तोंड पेजेसारखं पसरलं होतं. मांडीवरची नात तशीच.

"हात हलला असेल तुझा."

"मग फणस कसा नाही हलला?" संदेश हसला. "आई म्हणते, तुझ्या त्या मिस्त्रीला सांग, फणसाला फोटोची हौस नाय. लांबचं एकदम टॉप आहे, काका. जवळचं माणूस तेवढं चुकतंय. रविवारी ताई येतेय मुंबईहून, सगळी एकत्र असतील, म्हणून आलो."

"ठेवून जा. शनिवारी ने."

तो गेल्यावर बाबाजींनी वर्षभराच्या निगेटिव्हच्या पट्ट्या काढल्या आणि एकेक खिडकीच्या उजेडात धरली. दीपगृह. मिऱ्याचा डोंगर. बंदराबाहेरच्या होड्या. नुसतीच पाण्याची रेघ. एकाही पट्टीवर माणूस नव्हतं. दोन पावलांवरची तपासणी त्यांच्या हातून कधी गळून पडली हे त्यांचं त्यांनाच उमगलं नव्हतं. लेन्स लांबचं बघायला शिकल्या होत्या, कारण बाबाजी तेवढंच बघत होते.

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर संदेशची लेन्स धरून बुडाची पितळी चकती केसभर सरकवली. मोजलेलं अंतर आणि कडीवरचा आकडा जुळला. पण भिंत श्वास घेत नाही, मान कलती करत नाही, उन्हाला डोळे बारीक करत नाही. माणसासमोर धरल्याखेरीज लेन्स द्यायची नाही, हा आपला नेम आपणच मोडला होता. आता माणूस आणायचं कुठून? शेजारच्या दारापर्यंत ते दोनदा गेले आणि चपला सारख्या करून परत आले.

ओहोटीच्या वेळी भाट्याला खाडीच्या तोंडाशी सखू भेटली. कालवं फोडून ती वर येत होती, डोक्यावर टोपली, गुडघ्यापर्यंत चिखल. करुणाबाई तिच्याकडूनच कालवं घ्यायच्या.

"काय बाबाजी, आज पन दीपगृहच? ते कुटं पलून नाय जात."

बाबाजींनी गळ्यातला कॅमेरा सारखा केला. सखू चार पावलं पुढे गेलीसुद्धा.

"सखू, जरा उभी राहतेस?"

"कशाला?"

"लेन्स तपासायचीय. जवळून."

"मना? ह्या अवतारात? केसात वालू हाय माज्या."

"वाळूच बघायचीय. नीट दिसते का ते."

"मंग घरच्या पायपुसन्याचा काडा की फोटू," असं म्हणत सखूने टोपली खाली ठेवली, पदर सारखा केला आणि फौजदारासमोर राहावं तशी ताठ उभी राहिली.

बाबाजींनी कॅमेरा डोळ्याला लावला. खिडकीत दोन सखू होत्या. कडी जवळच्या अंगाला वळवायची बोटांची सवय गेली होती, ती अडखळत वळली. सावली सरकली, थांबली, पुन्हा सरकली, आणि मिसळली. एक सबंध चेहरा त्यांच्याकडे बघत होता. इतका वेळ, इतकं सरळ, कुणी त्यांच्याकडे पाहिल्याला किती दिवस झाले होते. बोट बटणावर होतं, आणि दाबवत नव्हतं.

"वैनी लई येल उभी ऱ्हायची," सखू हळूच म्हणाली. "मी बगायची खालून."

बाबाजींनी बटण दाबलं.

रोल धुतला. भुवईवर चिकटलेला वाळूचा कण स्वच्छ दिसत होता. शनिवारी संदेश लेन्स घेऊन गेला, आणि बाबाजी फोनपाशी बसले. वर्षभरात गेलेल्या बाकीच्या लेन्स अजून तशाच होत्या. पहिला फोन कोल्हापूरच्या शुभंकरला लागला.

"तुमची लेन्स परत पाठवा. माझी चूक राहिलीय. जवळचं नीट येणार नाही."

"माझी तक्रार काय नाही बघा, काका. मी डोंगरंच काढतोय. जवळचं काढायला हाय कोण इथं?"

पलीकडे कुठेतरी नुसता पंखा फिरल्यासारखा आवाज येत होता. बाबाजींनी टेबलावरची सखूची पट्टी उजेडात धरली.

"तरी पाठवा," ते म्हणाले.