‘बघू’चा चौथा अर्थ

मित्रांनो, मी एक जुना, खिशात मावेल एवढा शब्दकोश आहे. माझे निळे कापडी पुठ्ठे कोपऱ्यांवर विरले आहेत, ‘स’पासून पुढची पाने सुटली आहेत आणि मधल्या पानांना अजून गोदीतल्या वंगणाचा वास येतो. देवाच्या कृपेने माझ्या पोटात बावीस हजार शब्द आहेत. तरीही एकदा अगदी घरातल्या शब्दाने मला तोंडघशी पाडले. त्या चुकीपायी चारशे माणसे उघड्यावर पडणार होती. ती हकिकत आज सांगतो.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. खिळे जुळवणारे आजोबा इतके काटेकोर होते की, एखादा अनुस्वार निसटला तर त्यांना घास गोड लागत नसे. पाने शिवणाऱ्या बाईंनी शेवटची गाठ मारली आणि माझ्या पाठीवर थाप देऊन म्हटले, “जा बाळा, कुणाचं तरी तोंड हो.”

मी ज्याचे तोंड झालो, तो नुकताच परदेशी बंदरावर उतरलेला एक तरुण होता. गोदीत पेट्या उतरवायचे काम त्याला मिळाले, पण तिथली भाषा येत नव्हती. सोबती त्याला ‘मुका’ म्हणू लागले. जेवणाच्या सुट्टीत तो एका हातात पाव आणि दुसऱ्या हातात मला धरून बसे.

“काय रे मुक्या, आज किती शब्द गिळलेस?”

“सात.”

“मग पोट भरलं असेल. तो पाव दे इकडे!”

एकदा मुकादमाने हात चिरडलेल्या एका कामगाराला तिथल्या तिथे घरी बसवले. कुणी तोंड उघडेना. तेव्हा आमचा मुका पेटीवर चढला आणि अडखळत बोलू लागला. ‘अन्याय’ला तिथल्या भाषेत काय म्हणतात, ते त्याला आठवेना. त्याने मला काढले, पाने उलटली आणि तेवढा वेळ दोनशे माणसे श्वास रोखून उभी राहिली. मित्रांनो, भल्याभल्या वक्त्यांच्या नशिबात अशी शांतता नसते. तो कामगार परत कामावर आला आणि मुका संघटनेचा माणूस झाला.

पुढे तो गोदी कामगारांचा सचिव झाला. मग देशोदेशींच्या संघटनांच्या महासंघात गेला. कानाला भाषांतराचे यंत्र लावून बसायचे, दोन देशांच्या पुढाऱ्यांना एका कागदावर आणायचे, ही त्याची नवी हमाली. ‘करावे’ की ‘केलेच पाहिजे’ यावर एक अख्खी दुपार गेलेली मी पाहिली आहे. सभेत तो मला टेबलावर ठेवी आणि म्हणे, “हा माझा वकील.” मी फुगलो. फुगलेल्याचे काय होते, ते संतसज्जन सांगून गेलेच आहेत.

एके दिवशी आमच्या जुन्या गोदीत क्रेनचे ओझे एका माणसाच्या अंगावर उतरले. वर बसलेल्या चालकाला खालचा माणूस दिसलाच नव्हता. गोदीने मागणी केली, की प्रत्येक क्रेनखाली हाताने इशारा देणारा एक इशारेवाला हवा. कंपनी म्हणाली, दोन क्रेनमागे एक देऊ. चारशे माणसांचा संप सुरू झाला. तेव्हा कंपनीने मालाचे जहाज वळवले, तेही नेमके आमच्या मुक्याच्या जन्मदेशाच्या बंदरात. तिथे जहाज उतरले की इथला संप मोडलाच! म्हणून मुक्यालाच तिकडे पाठवले.

तिथल्या संघटनेचे प्रमुख म्हणजे दादा. घसघशीत मिशा, त्याहून घसघशीत प्रेम.

“जहाज उतरवायचं नाही म्हणतोस? हं... बघू. बघू आपण काय ते. आधी चहा घे. अरे, तू तर आपलाच!”

बाहेर येताच मुक्याने माझे चारशे सहावे पान उघडले. बघणे: १. पाहणे. २. लक्ष घालणे. ३. जबाबदारी घेणे. त्याचा चेहरा उजळला. त्याने तिथूनच फोन केला: “दादांनी अंगावर घेतलंय!” त्या भरवशावर इकडच्या संप समितीने कंपनीचा अर्धामुर्धा देकार त्याच दिवशी धुडकावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या बायकोचा फोन आला. ती मुक्याच्याच देशाची, पण मुलखाची हुशार.

“अहो, दादा नेमकं काय म्हणाले? शब्द सांगा, अर्थ नको.”

“‘बघू’ म्हणाले.”

“बघू? आणि तेवढ्यावर तुम्ही ‘अंगावर घेतलंय’ म्हणून कळवलंत?”

“अगं, शब्दकोशात पाहिलं मी. लक्ष घालणे...”

“चुलीत घाला तो शब्दकोश! लहानपणी मी सायकल मागायचे, तर बाबा ‘बघू’ म्हणायचे. येते का मला सायकल?”

मुक्याने मला मिटून खिशात टाकले. सव्वीस वर्षे परमुलखात राहून तो आपलीच बोली विसरला होता. आणि मी? माझ्याकडे तीन अर्थ होते, चौथा नव्हता. जहाज अवघ्या एका दिवसात बंदराला लागणार होते.

तो तडक दादांकडे गेला. “दादा, तुमचं कालचं ‘बघू’ म्हणजे ‘नाही’ ना?”

दादा कपातला चहा उगाच ढवळत राहिले. “पाहुण्याच्या तोंडावर नाही कसं म्हणू रे?”

“आता म्हणा.”

“नाही. तीन आठवडे बंदर रिकामं होतं, आता कुठे हे जहाज येतंय. पोरं हातावर हात ठेवून बसलीयत. ते परत धाडलं, तर मला कुणी पाणी विचारणार नाही.”

मुक्याने तिथूनच समितीला फोन केला. “माझी चूक झाली. दादांनी काहीही कबूल केलेलं नाही.” पलीकडून एकजण करवादला, “मुक्या, त्यापेक्षा तू मुकाच बरा होतास!”

फोन ठेवून तो दादांना म्हणाला, “निदान तुमची गोदी तरी दाखवा.”

दोघे क्रेनखाली उभे राहिले. “इशारेवाला कुठाय?”

“होता. काढला त्याला. आता हाका मारतो एकमेकांना.” दादांनी क्रेनच्या पायथ्याशी बोट दाखवले. “गेल्या साली माझा मेहुणा इथंच... पाय गेला त्याचा.”

दादांनी वर क्रेनकडे पाहिले. मग दादा म्हणाले, “जहाज मी अडवणार नाही. पण इशारेवाल्याशिवाय क्रेन हलू देणार नाही. आणि हे ‘बघू’ नाही, हा माझा शब्द.”

कामगारांच्या टोळ्यांतलीच माणसे इशाऱ्याला उभी राहिली, काम मंदावले. तीन दिवसांत उतरणाऱ्या मालाला अकरा दिवस लागले. जहाज अडकल्याचा तोटा सोसेना, तेव्हा बाराव्या दिवशी कंपनीने इकडे आमच्या गोदीत सही केली: प्रत्येक क्रेनला एक इशारेवाला. दादांना मात्र तो फक्त दिवसपाळीपुरता मिळाला. रात्रपाळीचे भांडण पुढे चार वर्षे चालले आणि त्यात आमचा मुका दादांच्या शेजारच्या खुर्चीवर बसला.

परतीच्या वाटेवर त्याने माझ्या समासात लिहिले: ‘४. नाही (प्रेमाने).’

आता तो देवाघरी गेला आहे. संघटनेच्या कार्यालयात खिडकी आपटू नये म्हणून मला फटीत खोचून ठेवले आहे. पावसाने माझी पाने फुगतात. पण तक्रार नाही, कारण इथून क्रेन दिसते आणि तिच्याखाली हात उंचावून उभा असलेला माणूसही दिसतो.

मित्रांनो, शब्द म्हणजे देह आणि अर्थ म्हणजे त्यातला जीव. माझ्यापाशी नुसते देह आहेत. जीव बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतो, तेव्हा आधी तिकडे पाहा. घरातल्या जुन्या पुस्तकांना जपा, माझ्यासारख्यांची सुटलेली पाने डिंकाने चिकटवा. बोलण्यात सुटलेला अर्थ मात्र डिंकाने जोडता येत नाही. त्यासाठी त्याच दारात परत जावे लागते. जाताना पाय जड होतात, मी पाहिले आहे. तरी जा.